फलश्रुती नसलेली पोथी

बेंगळूरच्या यशवंतपूर बाजारातल्या मॅचिंग सेंटरचे मालक नरसिंहराव भर दुपारी गल्ल्यावर बसून रडत होते, आणि पोपटी साडीला फॉल घ्यायला आलेली बाई पिशवी छातीशी धरून समोर उभी होती. बाई रोजच्या ओळखीची, जवळच्या शाळेत शिकवणारी, वसुमती नावाची. तिने आधी खोकून पाहिलं. मग हळूच विचारलं, "अण्णा, घरी सगळी बरी आहेत ना?" नरसिंहरावांनी घाईघाईने रुमालाने डोळे पुसले, धूळ गेली म्हणाले, आणि पोपटी साडीला मेंदी रंगाचा फॉल काढून दिला. ज्याला ट्यूबलाइटखालचा हिरवा आणि उन्हातला हिरवा वेगळा दिसतो, त्या माणसाने! वसुमती तो फॉल तसाच घेऊन गेली.

घरी सगळी खरंच बरी होती. बायको तुंगाबाई ठणठणीत. मुलगा प्रदीपकुमार मागच्या खोलीत अस्तराचे तागे लावत होता. मुलगी काव्या ऑफिसात, आणि तिचं लग्न ठरलेलं. रडण्यासारखं काही म्हणता काही नव्हतं. गेली होती ती इंदुमती, आणि इंदुमती तर एका पुस्तकातली. आता सांगा, साठी ओलांडलेल्या, हूक आणि बटणं विकणाऱ्या माणसाने पुस्तकातल्या पोरीपायी असे डोळे सुजवून घ्यावेत? नरसिंहरावांनाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्यांना त्याचं उत्तर सापडत नव्हतं.

हे पुस्तक त्यांच्या हाती लागलं कसं, ते आधी सांगायला हवं. नरसिंहरावांचं घराणं बेंगळूरात इतक्या पिढ्यांमागे आलं, की नेमकं कुठून आलं यावर घरात अजून वाद होतात. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. शाळा सगळ्यांची कन्नड, त्यामुळे मराठी बोलता सगळ्यांना येतं, वाचता कोणाला येत नाही. नरसिंहरावांना येतं, कारण त्यांच्या वडिलांनी ते पोथीवरून शिकवलं. राजाजीनगरात समाजाचं मंडळ आहे, तिथे श्रावणात पोथी लावतात, आणि वाचायचा मान पहिल्यापासून ह्यांच्या घराकडे. परिणाम असा, की नरसिंहरावांनी उभ्या आयुष्यात छापील मराठी वाचलं ते फक्त पोथीत. मराठी वाचायचं म्हणजे चपला काढायच्या, मांडी घालायची आणि ओवीच्या चालीत तोंडाने म्हणायचं. एकदा बेळगावचा पाहुणा मराठी पेपर मुकाट्याने वाचत बसला, तेव्हा ह्यांनी स्वयंपाकघरात जाऊन तुंगाबाईंना विचारलं होतं, "त्याला वाचता येतं, का नुसतीच चित्रं बघतोय?"

तर आषाढात त्यांनी मंडळाच्या कपाटातली लाल कापडात बांधलेली बासनं दुकानात आणली. कुठल्या पोथीला कसर लागली आहे ते श्रावणाआधी बघून ठेवायचं असतं. एकेक बासन सोडता सोडता एक असं निघालं की त्याला ना पुठ्ठा ना पहिली पानं. कोणीतरी आवराआवरीत एक जुनी कादंबरी पोथ्यांमध्ये बांधून टाकली होती. पण हे नरसिंहरावांना कळावं कसं? बासनातून निघाली म्हणजे पोथीच. शिवाय वडिलांची सक्त ताकीद, की सोडलेलं बासन वाचून पुरं केल्याशिवाय बांधायचं नाही. त्यांनी चपला काढल्या, गल्ल्याच्या गादीवर मांडी घातली, पानांना नमस्कार केला आणि चालीत सुरुवात केली.

पहिल्याच पानावर एक मुलगी नदीच्या घाटावर घागर घासत होती. नरसिंहराव मनात म्हणाले, सरी, ठीक आहे, आता संत येणार आणि हिच्याकडे पाणी मागणार. पाणी मागायला कोणी तरी आलं खरं, पण ते होते गावच्या दवाखान्यातले कंपाउंडर, शशिकांत नावाचे. हा वेष पालटून आलेला देवच असणार म्हणून नरसिंहरावांनी पुढची बरीच पानं मोठ्या आदराने वाचली. शशिकांत मात्र देव असल्याची काही खूण दाखवेना. तो नुसता इंदुमतीकडे बघायचा आणि औषधाच्या पुड्या चुकीच्या बांधायचा. तिसऱ्या अध्यायाला नरसिंहरावांच्या ध्यानात आलं, की मामला निराळा आहे. पण बासन सुटलं होतं ना! आता थांबायची सोय नव्हती.

आणि खरं सांगायचं तर थांबायची इच्छाही नव्हती. गोष्ट म्हणाल तर अगदी साधी. इंदुमतीला शशिकांत आवडतो, शशिकांतला इंदुमती. कोणी कोणाला सांगत नाही. तिचे वडील नदीपलीकडच्या लाकडाच्या व्यापाऱ्याशी तिचं लग्न ठरवतात आणि तिला सांगतात. ती खाली मान घालून म्हणते, "तुम्ही ठरवाल ते, बाबा." लग्न होतं. मग ती खोकायला लागते. तिच्या पहिल्या खोकल्यालाच नरसिंहरावांना कळलं की ही काही जगत नाही. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. शेवटी शशिकांत पुरात नाव घालून औषध घेऊन जातो, आणि तो पोचतो तेव्हा अंगणात माणसं जमलेली असतात. हेही नरसिंहरावांनी आधीच ओळखलं होतं. तरी त्या पानावर त्यांचं काही चालेना. ओवीच्या चालीत "शशिकांत नावेत बसला" म्हणताना रडू फुटलं, आणि नेमकी त्याच वेळी वसुमती पोपटी साडी घेऊन दारात उभी राहिली.

ती गेल्यावर त्यांनी शेवटचं पान पुन्हा उलटलं. मागेपुढे चाचपून पाहिलं. कारण प्रत्येक पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. ही कथा ऐकल्याने काय मिळतं, कोणाचा आजार जातो, कोणाच्या घरी पाळणा हलतो, ते स्पष्ट सांगितलेलं असतं. इथे नुसतं "समाप्त" आणि खाली कोरा कागद. एवढं रडवून घेतलं आणि फळ काय ते सांगितलंच नाही! नरसिंहराव पुरते गोंधळले. त्यांना स्वतःच्या आयुष्यात असली कुठली इंदुमती आठवेना. त्यांनी कोणाकडे चोरून बघितलेलं नव्हतं, कोणी त्यांच्याकडे बघितलेलं नव्हतं. मग हे आतून कोण ढवळून काढत होतं? त्यांनी सरळ हिशेब लावला, की पोथी उगाच कोणाच्या हातात येत नाही. हिचं फळ कुठेतरी आपल्या घरातच असणार, ते आपण शोधायचं.

त्या संध्याकाळी राजाजीनगरच्या घरी तुंगाबाई मुलीला लग्नातल्या साड्यांचे फोटो दाखवत होत्या. "काव्या, जांभळी घ्यायची का ही डाळिंबी?" काव्या मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, "तुला आवडेल ती घे, अम्मा." नरसिंहराव हात धुवायला निघाले होते, ते तिथेच थांबले. त्यांना आठवलं, की येलहंक्याच्या पवनकुमारचं स्थळ आलं होतं आणि ह्यांनी मुलीला विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही ठरवाल ते, अण्णा." तेव्हा ह्यांना कोण अभिमान वाटला होता! मंडळात चार जणांना सांगितलं होतं, की बघा, पोरगी शिकली, कमावते, पण बापाचा शब्द मोडत नाही. आता तेच वाक्य इंदुमतीच्या आवाजात कानात वाजलं आणि हात धुवायचे राहूनच गेले.

झालं! फळ सापडलं असं त्यांना वाटलं. काव्याच्या मनात कोणीतरी आहे. कोणीतरी आहे आणि ती बोलत नाही, आणि आपण तिला नदीपलीकडे, म्हणजे येलहंक्याला, देऊन मोकळे होणार. दिवाळीनंतरचा मुहूर्त ठरला होता, हॉल ठरला होता. म्हणजे वेळ थोडा होता.

रविवारी सकाळी त्यांनी काव्याला गाठलं. ती इस्त्री करत होती. नरसिंहराव पंख्याकडे बघत म्हणाले, "काव्या, कोणी आहे का गं?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे... मनात."

काव्याने इस्त्री उभी ठेवली आणि खो खो हसत सुटली. "अय्यो अण्णा! कोण असणार? कोणी नाही."

दुसरा बाप असता तर सुटकेचा श्वास टाकला असता. पण ह्यांनी पोथी वाचली होती ना! सहाव्या अध्यायात मैत्रीण विचारते तेव्हा इंदुमतीही अशीच हसली होती. नरसिंहराव आणखीच खचले. ती रडली असती तर एकवेळ बरं, असं त्यांना वाटून गेलं.

मग सुरू झाला तपास. काव्याची मैत्रीण रक्षिता दुकानात लेस घ्यायला आली, तिला ह्यांनी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्या उभ्या कॉफी पाजली आणि आडून आडून विचारलं. रक्षिताला आधी वाटलं, की अण्णांना लग्नातली सरप्राइज पार्टी हवी आहे. खरा प्रश्न कळल्यावर ती म्हणाली, "नाही अण्णा, कोणी नाही. असतं तर मला कळलं असतं." प्रदीपकुमारला विचारलं तर तो वैतागला. "तुम्ही आजकाल दुपारी सीरियल बघता का? हॉल ठरलाय, पत्रिका छापायला गेल्यात, आणि हे काय मध्येच?" त्याचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं. कोणी नाही, असं जो तो शपथेवर सांगत होता, आणि जितकं जास्त सांगत होता तितकी नरसिंहरावांची झोप उडत होती. कोणी नसेल तर त्या पोरीच्या "तुम्ही ठरवाल ते" ला आपण एवढे का घाबरलो आहोत, हेच त्यांना समजेना.

शेवटी त्यांनी ठरवलं, की मुलीच्या मनात नसेल तर मुलाच्या असेल. यशवंतपूर स्टेशन दुकानापासून हाकेच्या अंतरावर, तिथून येलहंक्याची गाडी पकडली आणि गेले. पवनकुमारचं तिथे झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. पोरगा साधा, गोल चेहऱ्याचा, हसताना खांदे उडवणारा. होणारे सासरे अचानक दारात बघून त्याच्या हातातला कागदांचा गठ्ठा सुटला. "या मामा, या. काही झालं का?"

"काही नाही रे. असाच आलो. इकडे काम होतं." नरसिंहरावांनी त्याने दिलेलं थंड पाणी प्यायलं, मशीनकडे बघितलं, पेनांकडे बघितलं, आणि मग एकदम म्हणाले, "पवन, तुझं कुठे मन नाही ना गुंतलेलं? आधीचं काही?"

बिचारा पोरगा कानापर्यंत लाल झाला. "देवाशप्पथ नाही, मामा! कोणी सांगितलं?" मग जरा सावरल्यावर त्याने स्टूल पुढे ओढलं. "खरं म्हणजे मीच तुम्हाला एक विचारणार होतो. काव्याला काय आवडतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काहीही. हॉटेलात गेलो की म्हणते, तू घेशील ते. पिक्चर कुठला, तर तू म्हणशील तो. मी दर वेळी तिच्यासाठी मसाला दोसा मागवायचो, ती खायची. परवा कळलं की तिला बटाटा सोसत नाही, रात्रभर पोट दुखतं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणते, त्यात काय सांगायचं." पवनकुमार बोलता बोलता रडवेला झाला. "मामा, ती माझ्याशी कधी भांडतही नाही. मला स्वल्प भीती वाटते."

नरसिंहराव परतीच्या गाडीत खिडकीशी बसले आणि त्यांना आठवेना, की काव्याने घरी तरी कधी बटाट्याला नको म्हटलं होतं. नव्हतं म्हटलं. शनिवारी बटाट्याची भाजी ठरलेली, आणि ती मुकाट्याने खायची. बापाला मुलीचं पोट दुखतं हे झेरॉक्सवाल्याकडून कळावं! त्यांना स्वतःची लाज वाटली. त्याच वेळी इंदुमतीचीही पुन्हा आठवण आली, आणि शशिकांतची, आणि पुढच्या स्टेशनाच्या आत डोळे भरूनही आले. आता हे कोणासाठी, हे विचारायचंही त्यांनी सोडून दिलं.

इकडे तुंगाबाईंच्या कानावर सगळं आलेलं होतं. वसुमतीने भाजीबाजारात सांगितलं होतं, की अण्णा दुकानात रडत बसतात. आणि नवरा झोपेत "इंदुमती" म्हणाला हे तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. नरसिंहराव घरात शिरले तेव्हा तुंगाबाई जमिनीवर कागद पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण ती इंदुमती?"

नरसिंहरावांचा एक पाय चपलेत, एक बाहेर. "अगं, ती... ती मेली."

"कधी?"

"अगं, पोथीतली गं!"

बराच वेळ समजूत घालावी लागली. शेवटी त्यांनी पिशवीतून ते पुठ्ठा नसलेलं पुस्तक काढून समोर ठेवलं. तुंगाबाईंना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी पान उलटं सुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाचा बघू. ऐकू तरी द्या, एवढं काय आहे त्यात." मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला, मेथीचे हात जोडले आणि सरळ बसल्या, कारण नवरा मराठी वाचायला लागला की तसंच बसायचं असतं. नरसिंहरावांनी त्यांना मधली गोष्ट तोंडी सांगितली आणि शेवटचा अध्याय चालीत वाचला. नाव पुरात सापडली, औषधाची बाटली फुटली, अंगणात माणसं जमली, इंदुमती गेली. "समाप्त" म्हणाल्यावर तुंगाबाईंनी पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला.

"एवढंच?"

"एवढंच. फलश्रुती नाही."

तुंगाबाईंनी पुन्हा मेथीची जुडी ओढली. मग म्हणाल्या, "तिचं तरी बरं म्हणायचं."

"बरं? अगं, मेली ती!"

"मेली हो. पण आपल्याला काय हवं होतं ते तिला ठाऊक तरी होतं."

इतक्या वर्षांच्या संसारात असली वाक्यं बायकोच्या तोंडून आली नव्हती. नरसिंहरावांनी जरा दबकत विचारलं, "तुझ्या मनात... होतं का कोणी?"

"कोणी नव्हतं. मी दावणगेरेला आत्याकडे होते. बाबा आले, म्हणाले बेंगळूरला ठरवून आलोय, मुलाचं दुकान आहे. मी बरं म्हटलं. मग आत्याने चहा ठेवला. संपलं."

"म्हणजे मी नको होतो?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"मग हवा होतो?"

"तसंही नाही म्हटलं." तुंगाबाई चिडल्या. "मला काय माहीत! कोणी विचारलं असतं तर बसून विचार केला असता. विचारलंच नाही, तर कशाला डोकं चालवायचं? तुम्ही वाईट नव्हतात. पोरं झाली, घर झालं. चालू दे म्हटलं." एवढं बोलून त्यांनी देठं कागदात गुंडाळली आणि आत गेल्या.

नरसिंहरावांना हे फार लागलं. कोणावर रागवावं तेही कळेना. सासऱ्यांवर? ते कधीच गेले. स्वतःवर? त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं, वडिलांनी मुलगी बघून आलोय म्हटलं आणि हे नवा शर्ट शिवायला टाकून आले होते. ते जमिनीवर तसेच बसून राहिले, आणि बसल्या बसल्या त्यांच्या हळूहळू लक्षात यायला लागलं, की गेले कित्येक दिवस आपण सगळ्या गावाला एकच विचारत सुटलोय, कोणी आहे का. काव्याला तेच, रक्षिताला तेच, पवनलाही तेच. सगळ्यांनी खरं सांगितलं. कोणी नव्हतंच. आणि हा मुलगा हवा का, हे मात्र आपण मुलीला एकदाही विचारलेलं नाही. स्थळ आलं तेव्हाही "करू ना?" असं विचारलं होतं, आणि तेही पत्रिका जुळल्यावर, पेढे आणल्यावर.

काव्या ऑफिसातून आली, चहा प्यायली आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. नरसिंहराव तिच्यामागे जिना चढले. आभाळ भरून आलं होतं आणि ती भराभर चिमटे काढत होती. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. घेतले असते तर धीर सुटला असता.

"काव्या, पवनशी लग्न करायचंय का तुला?"

"अण्णा, परत? कोणी नाही हो माझ्या मनात."

"कोणी आहे का ते नाही विचारत. पवन हवाय का, ते विचारतोय."

"तुम्ही ठरवलंय ना—"

"आम्ही ठरवलं. तुझं सांग."

काव्याचा हात दोरीवरच राहिला. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. नाही तर पटकन हो म्हणेल, आणि मग आपण सुखाने खाली जाऊ. तिने काढलेला चिमटा परत दोरीला लावला. पोटच्या पोरीला एवढा साधा प्रश्न विचारायची आपल्याला इतकी भीती का वाटत होती ते आता त्यांना कळलं. उत्तर काहीही येऊ शकत होतं.

"मला माहीत नाही, अण्णा," ती म्हणाली. आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "खरंच माहीत नाही. पवन चांगला आहे. वाईट काहीच नाही त्याच्यात. तुम्ही सगळे इतके खूश होता, मी म्हटलं, सगळे खूश आहेत म्हणजे मीही असेन. मी बघितलंच नाही आत. मला ना, कुणी काय हवं विचारलं की काही सुचतच नाही. भीती वाटते. तुम्हाला हो हवं असेल तर मी हो म्हणते."

"मला हो नको," नरसिंहराव म्हणाले. "नाही पण नको. तुझं जे असेल ते हवं. नसेल कळत तर सरी. मग थांबू."

"थांबू म्हणजे? हॉल, पत्रिका... आणि येलहंक्याला काय सांगणार?"

"खरं ते सांगेन. तो पोरगा मलाच विचारत होता, तिला काय आवडतं म्हणून. मला सांगता आलं नाही, काव्या. बाप असून मला सांगता आलं नाही." आता ते उघड उघड रडत होते, आणि ह्या वेळी तरी कोणासाठी ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "तुला कळेपर्यंत थांबू. मग हो म्हण, नाही म्हण, भांडण कर. मंडळातल्या लोकांना मी बघून घेतो."

काव्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि टॉवेलात तोंड खुपसून हमसाहमशी रडली. नरसिंहराव तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. आपण बरोबर केलं की घराचा विचका केला, हे त्यांना अजिबात समजत नव्हतं. पाऊस आला तर कपडे भिजतील एवढंच समजत होतं.

जिन्याच्या दारात पावलं वाजली. तुंगाबाई उभ्या होत्या, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्यांनी सगळं ऐकलंय. नरसिंहरावांनी मान खाली घातली. आता बोलणी बसणार, पाहुण्यांची यादी निघणार, जांभळ्या साडीचा विषय निघणार. पण तुंगाबाई पुढे आल्या, मुलीच्या मांडीवरचे कपडे उचलले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दोरीवरचं राहिलेलं धोतर काढून त्याची घडी घातली. मग नवऱ्याकडे वळल्या.

"आता मला विचारा."

"काय?"

"तिला विचारलंत ते. मला पण विचारा एकदा."

काव्याने टॉवेलातून तोंड वर काढलं. मंडळाच्या भरल्या सभेत पोथी वाचणारा माणूस, पण नरसिंहरावांना शब्द जुळवताना घाम फुटला. "तुला... माझ्याशी लग्न करायचं होतं का गं?"

तुंगाबाईंनी कपड्यांचा ढीग छातीशी धरला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मलाही जरा वेळ द्या."

आणि त्या कपडे घेऊन खाली निघून गेल्या. पावसाचे थेंब पडायला लागले तरी नरसिंहरावांना त्यांच्यामागून जिना उतरायचा धीर होईना.